बत्तीशीकाकांचा रिपोर्ट

माझं दुकान झेरॉक्सचं. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, फॉर्म भरून देणे. लोक कागद घेऊन येतात आणि कागदाबरोबर अख्खं घर घेऊन येतात. कोणाचा घटस्फोट, कोणाची बदली, कोणाच्या पोटातला खडा, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं. मी तोंडाची फटकळ आहे, पण ऐकलेलं पोटात ठेवते. बत्तीशीकाकांचं मात्र आता पोटात राहत नाही, म्हणून लिहून काढतेय.

काका कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि त्यावरून काका दात उभे करायचे. माझ्यासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची लॅब होती. लॅब म्हणायची एवढंच, होत्या दोन खोल्या. पहिलीत खिडकीला लागून बाक, त्यावर मेण वितळवायचा दिवा, बोटभर लांबीचे चाकू आणि खोक्यात रंगवार लावलेले दात. दुसरीत पॉलिशचं मशीन, प्लास्टरची पोती आणि मोरी. प्लास्टर जाऊन मोरी तुंबू नये म्हणून काकांनी खाली जाळीची बादली बसवली होती, ती रोज संध्याकाळी स्वतः उपसायचे. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, शेकड्यांनी. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून मलाच हसताहेत.

एकतीस वर्षं ते त्या बाकाशी बसले. बत्तीशीकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांचं खरं नाव मला त्यांचा फॉर्म भरताना कळलं. माणसांची नावं त्यांच्याही लक्षात राहायची नाहीत. दात राहायचे. रस्त्यानं जाताना कोणी हसलं की हळूच म्हणायचे, "खालची पूर्ण माझी आहे." एकदा एक बाई भांडायला आल्या, मला पांढरेशुभ्र दात हवे होते, हे पिवळट का दिले म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "तुमचं वय पासष्ट. या वयाला शोभतील असे केलेत." शेजारचे दोन दात किंचित वाकडे बसवायचे, कुठे चहाचा डाग पडल्यासारखी छटा द्यायचे, म्हणजे कवळी खरी वाटायची. खोटं दिसेल असं काम हातून जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. असल्या माणसाला जगात काय मिळतं ते पुढे सांगतेच.

काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. घरातले कागद त्याच बघायच्या. त्यांच्यामागे ते काम लेकीकडे आलं. लेक हुशार, बोटं कीबोर्डवर भरभर चालायची. बँकेचं, विजेचं, विम्याचं सगळं तीच करायची, सगळीकडे वडिलांच्या वतीनं. काकांच्या ओळखपत्राच्या प्रती तिच्याकडे कायमच्या पडून असायच्या. पुढे ती नवरा आणि छोट्या मुलीबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली, तरी कागद तिच्याकडेच राहिले. यात वावगं काय? माझ्या दुकानात येणारं निम्मं गाव असंच चालतं.

मग लॅबच्या मालकानं खोल्या विकायला काढल्या. माणूस बरा होता. म्हणाला, "काका, पहिला हक्क तुमचा. दोन महिने थांबतो. नाही जमलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." काकांकडे निम्मी रक्कम होती. उरलेल्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा कर्ज मागायला बँकेत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. परत आले ते थेट माझ्याकडे. प्लास्टरनं भेगाळलेले हात माझ्या काचेवर ठेवून उभे राहिले.

"ताई, बँक नाही म्हणाली. माझा रिपोर्ट खराब आहे म्हणे."

"कसला रिपोर्ट?"

"कोणी किती कर्ज घेतलं, फेडलं की बुडवलं, याची नोंद ठेवणारी एक कंपनी असते. तिच्याकडे माझी नोंद आहे. पण मी तर कधी कर्जच घेतलं नाही!"

"मग काय खराब आहे त्यात?"

"तेच विचारलं. साहेब म्हणाले, आम्हाला सांगता येत नाही, तुमची प्रत तुम्हीच मागवा. वर्षातून एकदा फुकट मिळते."

फुकट म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण म्हटलं, बसा, आत्ता काढू.

कंपनीच्या पानावर मी त्यांचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर भरला. मग पान म्हणालं की, हे तुम्हीच आहात याची खात्री करायची आहे, तीन प्रश्नांची उत्तरं द्या. पहिला प्रश्न काकांच्या जन्माचा, तो सुटला. दुसऱ्यात चार पत्ते दिले होते आणि विचारलं होतं, यांपैकी कोणत्या पत्त्यावर तुम्ही राहिला आहात. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"हा दुसरा माहितीचा आहे. लेक राहायची इथे, गाव सोडण्याआधी. पण मी नाही राहिलो."

"मग?"

"मग काय, 'यापैकी एकही नाही' करा. जे आहे ते आहे."

तिसरा प्रश्न: यांपैकी कोणत्या वस्तूसाठी तुम्ही कर्ज घेतलं होतं? दुचाकी, फ्रीज, कॅमेरा, शिलाई मशीन. काका हसले. "कशासाठीच नाही." मी पुन्हा 'एकही नाही' दाबलं. पानावर लाल अक्षरं उमटली. आपली ओळख पटू शकलेली नाही. तीस दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा.

त्याच क्षणी माझी ट्यूब पेटायला हवी होती. रोज शंभर फॉर्म भरते मी. पण मी नुसती त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडत बसले. खरी उत्तरं दिली म्हणून माणसाला दाराबाहेर काढतात, ही कुठली रीत? काका मात्र शांत होते. म्हणाले, "मशीन आहे, त्याला काय कळतंय. पोस्टानं मागवता येत असेल ना?"

येत होतं. फॉर्म छापला, सही घेतली, ओळखपत्राची आणि वीजबिलाची प्रत जोडली. काकांनी पाकीट स्वतः पोस्टात टाकलं. मग रोज दुपारी डबा खाल्ला की खाली यायचे. "आलं का काही?" पत्र त्यांच्या घरी येणार होतं, माझ्याकडे नव्हे, पण विचारायचे मला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मालकाचं दुसरं गिऱ्हाईक टेप घेऊन येऊन खोल्या मोजून गेलं. काका त्या वेळी बाकावर कवळी घासत होते. त्यांना म्हणे पाय उचलायला सांगितलं, टेप खालून न्यायची होती म्हणून.

शेवटी मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. पंचवीस मिनिटांनी एक पोरगी बोलली. मी स्पीकर चालू केला.

"रिपोर्ट पाठवला आहे, सर. दहा दिवस झाले."

"मला मिळाला नाही," काका म्हणाले.

"आमच्या नोंदीतल्या पत्त्यावर गेला आहे."

"कोणता पत्ता आहे?"

"सॉरी सर, तो सांगता येत नाही. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"माझाच पत्ता मला सांगता येत नाही?"

"तुम्ही सांगा सर, मी बरोबर की चूक ते सांगते."

काकांनी घरचा पत्ता सांगितला. पोरगी म्हणाली, चूक. माझं डोकं असं फिरलं की मी तिला चार शब्द सुनावणारच होते. पण काकांनी हात वर करून मला थांबवलं. ते खुर्चीवर बसले. जरा वेळानं त्यांनी दुसरा एक पत्ता सांगितला, सावकाश, घर नंबरासकट. लेकीचा जुना पत्ता.

"बरोबर, सर," पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, परीक्षेत पास केल्यासारखा.

काका उठून वर लॅबमध्ये गेले आणि पुढचे आठ दिवस खाली फिरकले नाहीत. खिडकीतून त्यांची पाठ दिसायची. मशीनचा आवाज मात्र यायचा नाही.

तीस दिवस भरले तसे आले. मालकाच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते. मी न विचारताच कंपनीचं पान उघडलं. पत्त्याचा प्रश्न आला.

"दुसरा," काका म्हणाले.

वस्तूचा प्रश्न आला.

"कॅमेरा."

मी मान वळवून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"जावयानं फोटो स्टुडिओ काढला होता ना. तेव्हाचा."

पान म्हणालं, धन्यवाद, आपली ओळख पटली आहे. खरं बोललं की तुम्ही तुम्ही नाही, आणि खोटं बोललं की या, बसा. मला मशीनवर जितका राग आला तितकाच काकांच्या लेकीवर आला, जिला मी माझ्या दुकानात परीक्षेचे फॉर्म भरताना पाहिलं होतं.

रिपोर्ट तीन पानांचा होता. पहिल्यावर स्कोअर, लाल पट्ट्यात. दुसऱ्यावर एकच कर्ज. चार वर्षांपूर्वीचं, महागड्या कॅमेऱ्याचं, काकांच्या नावावर. पाच हप्ते भरलेले, पुढे रिकाम्या चौकटी आणि शेवटी शेरा: बुडीत. फोन नंबर लेकीचा. तो नंबर माझ्याही मोबाईलमध्ये होता. तिसरं पान मी पाहिलंच नाही, दुसऱ्यानंच पोट भरलं.

"काका, याला उपाय आहे," मी म्हणाले. असले फॉर्म मी आधी भरले होते. "हे कर्ज माझं नाही असं लिहून द्यायचं. सोबत पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडायची. ते चौकशी करतात आणि नोंद काढून टाकतात. तक्रारीची पोच दाखवली तर बँक पुन्हा बघेल आणि मालकही थोडा थांबेल."

"तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?"

फॉर्मवर तशी एक ओळ होतीच. संशयिताचं नाव, माहीत असल्यास.

"आणि थकबाकी भरून टाकली तर?"

"तर खोल्यांसाठी ठेवलेल्यातले जातील. आणि शेरा लगेच पुसला जात नाही. कित्येक महिने लागतात."

त्यांनी मान डोलावली. जणू शेजारच्या कोणाची गोष्ट ऐकत होते. मग म्हणाले, "तिनं माझ्याकडे मागितलं होतं, ताई. स्टुडिओसाठी. दोनदा घरी येऊन बसली होती. तिच्या आईच्या आजारपणात सगळं संपलं होतं, मी जेमतेम सावरत होतो. मी 'बघू' म्हणालो. आणि बघितलंच नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. मला वाटलं, झालं त्यांचं काहीतरी."

"म्हणून तुमच्या नावावर हात मारायचा? निदान विचारा तरी तिला! आत्ता विचारा, माझ्यासमोर!"

त्यांनी खरंच फोन लावला. नातीनं उचलला वाटतं. काका तिला म्हणाले, खोकला गेला का गं, गोळ्या थुंकू नकोस. मग लेक आली. काका म्हणाले, "काही नाही, सहज केला. तुझा आवाज बसलाय का? हो, मी जेवलो. खोल्यांचं? अगं, मी नाहीच म्हणून टाकलं मालकाला. डोळे थकले आता. बारीक काम होत नाही. नकोच वाटतं." मी खाणाखुणा करत होते, हातवारे करत होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "हो, काळजी घेतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते एवढं सफाईदार खोटं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही तिला काही सांगायचं नाही," जाताना म्हणाले. "तिला वाटतंय ते सगळं मिटलं. तसंच वाटू दे. तिला कळलं की माझी लॅब तिच्यामुळे गेली, तर ती पोर जन्मभर वर बघणार नाही." माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं. मी कबूल केलं, कारण त्या माणसाकडे बघून दुसरं काही करता येत नव्हतं.

बाराव्या दिवशी नवा मालक आला. मशीन भंगाराच्या भावात गेलं. दात रंगवार लावलेली खोकी एका डॉक्टरांनी नेली. जबड्यांचं काय करायचं हे कोणालाच कळेना. शेवटी पोत्यांत भरून टेम्पोत टाकले. काका प्रत्येक जबड्याच्या बुडाची तारीख वाचून मगच पोत्यात ठेवत होते. टेम्पोवाला वैतागला. मी त्याच्यावर ओरडले आणि मग दुकानात येऊन उगाचच प्रिंटर पुसत बसले. आता वर केस कापायचं दुकान आहे, चकचकीत.

काका गावाबाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये कामाला लागले. तिथे चाळीस माणसं एका रांगेत बसतात. एकानं मेण लावायचं, एकानं दात बसवायचे. काकांकडे पॉलिश. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तयार कवळी हातात येते, ते चमकवतात आणि पुढे सरकवतात. ठसा दिसत नाही, तोंड दिसत नाही. सगळे दात एका रंगाचे, पांढरेशुभ्र. मी एकदा विचारलं, "रस्त्यात ओळखता का अजून कोणाला?" म्हणाले, "आता सगळे सारखेच हसतात, ताई."

असं सव्वा वर्ष गेलं. मग एके सकाळी लेक दुकानात आली. वडिलांकडे चार दिवस राहायला आली होती. तब्येत सुधारलेली, खांद्याला मोठी पिशवी, त्यात फाइल. ती आणि नवरा घर घेत होते. तिचा स्वतःचा रिपोर्ट तिनं मोबाईलवर आधीच काढला होता, माझ्याकडे फक्त छापायचा होता. मी छापला. हिरवा पट्टा. एक डाग नाही.

"छान आहे गं," मी म्हणाले. दात आवळूनच म्हणाले असेन.

"मावशी, अजून एक काम. बँकेला जामीन लागतो, तेवढं बाबांना बोललेय. बाबांचं नाव घालतेय. त्यांचाही रिपोर्ट लागेल. तुमच्या कम्प्युटरवर बसू का?"

"त्यांना कशाला ओढतेस या वयात? नवऱ्याकडचं कोणी बघ."

"बाबांसारखं सरळ कोण आहे? एक जुनं प्रकरण होतं त्यांच्या नावावर, पण ते केव्हाच बंद झालं. कर्जवाल्यांचे फोनसुद्धा थांबले." हे बोलताना ती फाइलच्या दोरीशी खेळत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी काय करायला हवं होतं? वायर उपटायला हवी होती? मी लॅमिनेशनच्या मशीनकडे गेले आणि कोणाचं तरी ओळखपत्र त्यात सरकवलं. मागे कीबोर्ड भरभर वाजत होता. मग थांबला.

मी वळले तेव्हा ती तिसऱ्या पानावर होती, जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या पानावर रिपोर्ट कोणी कोणी मागवला याची यादी असते, तारखांसकट. एका ओळीत बँक. तिच्याखाली दोनदा काका स्वतः.

"मावशी, बँकेनं चौकशी केलीय. गृहकर्ज नाही, दुकानासाठी." ती पडद्याला बोट लावून वाचत होती. "ही तारीख तेव्हाचीच ना? लॅब गेली तेव्हाची?"

मी लॅमिनेशन झालेल्या ओळखपत्राच्या कडा कापायला घेतल्या.

"मला म्हणाले होते, डोळे थकलेत. खोल्या नकोच आहेत." तिनं आणखी एक ओळ खाली बोट नेलं. "आणि हे बाबा. म्हणजे त्यांनी हा पाहिलाय."

आता कागदच बोलत होता, मी लपवून काय उपयोग? "पाहिलाय," मी म्हणाले. "याच खुर्चीत बसून."

ती रडली नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. तिनं पान बंद केलं, फाइलची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"अगं, अशी बसून काय राहतेस?" माझा आवाज चढला. "घरी जा. आज त्यांना सुट्टी आहे. जा आणि बोल त्यांच्याशी. दोन शिव्या खा, रड, पाय धर, काही कर!"

"काय बोलू? त्यांनी सव्वा वर्ष हे स्वतःजवळ ठेवलं, मला कळू नये म्हणून. लॅब गेली, तरी ठेवलं." ती उठली. "मावशी, मी हा पाहिला हे बाबांना सांगू नका. मला माहीत नाही असंच त्यांना वाटू दे. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय."

मी तिला म्हणाले, मी काय तुमच्या घरची तिजोरी आहे का, बाप येतो ठेवून जातो, लेक येते ठेवून जाते? पण ती ऐकायला थांबली नाही. दोन प्रिंटचे पैसे काचेवर ठेवून गेली, छापली एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत निघाली. काका तिला बसस्टॉपवर सोडायला चालले होते, नात मधे, तिचे दोन हात दोघांच्या हातात. काका विचारत होते, पाणी घेतलंस का, फाइल नीट ठेवलीस का. ती हो म्हणत होती. "जामीन मिळाला का गं कोणी?" काकांनी विचारलं. "मिळाला बाबा, ह्यांचे मोठे भाऊ आहेत ना," ती म्हणाली. "बरं झालं," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती तिनंही पाहिली. दोघांनी माझ्याकडे बघून हात केला. मीही केला.